दवेगाने खोटे काय सांगितले?

वास्को द गामा, गोवा

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेली हकीकत मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. असल्या गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत, आणि मी बोलू लागलो की तू "हो बाबा, कळलं" म्हणून विषय मिटवतोस. तुमच्या हॉटेलात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या मुलाने ड्युटी लावणाऱ्या सहकाऱ्याला आधी कळवले होते की आईच्या ऑपरेशनची तारीख अलीकडे आल्यामुळे रविवारी येता येणार नाही. आपल्या जागी कोण येऊ शकेल हेही त्याने सुचवले होते. कोणाचेच उत्तर आले नाही, तेव्हा वैतागून त्याने लिहिले, "मी रविवारी येणार नाही, तुम्हाला काय करायचे ते करा." स्क्रीनशॉट निघाला तो नेमका या शेवटच्या ओळीचा. वरचा मजकूर कापलेला होता आणि तूही तो तसाच ग्रुपवर पुढे पाठवलास, खाली हसणारे तोंड टाकून. आता सीझनच्या तोंडावर त्या मुलाला कामावरून कमी केले आहे, आणि तुझे म्हणणे असे की त्यात एकही शब्द तुझा नव्हता व एकही शब्द खोटा नव्हता. ऑपरेशनचे तुला ठाऊक होते, हे मात्र तूच बोलता बोलता सांगून गेलास.

तुझ्या या युक्तिवादाला पवित्र शास्त्रात फार जुने उत्तर आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातले एकविसावे आणि बाविसावे हे दोन अध्याय सलग वाच. शौल राजापासून जीव वाचवून पळालेला दावीद नोब या याजकांच्या नगरात अहीमलेख याजकाकडे येतो. त्याला पाहून याजक थरथर कापतो आणि विचारतो, तू एकटाच कसा? दावीद सांगतो की राजाने आपल्याला एका गुप्त कामगिरीवर धाडले आहे. हे सांगणे खोटे होते आणि शास्त्र ते झाकून ठेवत नाही. त्यावर विश्वास ठेवून अहीमलेख त्याला पवित्र भाकरी देतो आणि एफोदामागे (एफोद म्हणजे याजकाचे वस्त्र) कापडात गुंडाळून ठेवलेली, दाविदानेच मारलेल्या गल्याथ या पलिष्टी योद्ध्याची तलवारही देतो. त्या वेळी शौलाच्या मेंढपाळांचा नायक, दवेग अदोमी, तिथेच हजर असतो. तो परमेश्वरासमोर थांबलेला होता, म्हणजे काही धार्मिक कारणानेच पवित्रस्थानी आलेला होता. हा तपशील मला प्रत्येक वाचनात अधिक टोचतो.

पुढे शौल हातात भाला घेऊन आपल्या सेवकांत बसलेला असतो आणि तक्रार करतो की मला कोणी काही सांगत नाही, माझी कोणाला कीव येत नाही. राजाला काय ऐकायचे आहे हे एव्हाना साऱ्या दरबाराला कळलेले असते. तेव्हा दवेग तोंड उघडतो. इशायाच्या मुलाला, म्हणजे दाविदाला, मी नोब येथे अहीमलेखाकडे येताना पाहिले, अहीमलेखाने त्याच्यासाठी परमेश्वराला प्रश्न केला, त्याला अन्नसामग्री दिली आणि पलिष्टी गल्याथाची तलवार दिली, एवढेच तो सांगतो. यातले कोणते वाक्य खोटे आहे ते मला दाखव. भाकरी दिली होती आणि तलवारही दिली होती. दवेगाने वगळले ते याजकाचे कापणे, त्याचा प्रश्न, आणि दावीद राजाच्याच कामावर आहे या समजुतीने त्याने केलेली मदत. स्क्रीनशॉटचा वरचा भाग कापावा तसा त्याने प्रसंगाचा वरचा भाग कापला.

परिणाम तुला ठाऊक आहे, पण तो पुन्हा वाच. अहीमलेख राजासमोर उभा राहून सांगतो की आपल्याला यातले काहीच माहीत नव्हते, आणि राजाचा जावई असलेल्या दाविदाइतका विश्वासू सेवक दुसरा कोण आहे? राजा ऐकत नाही. राजाचे शिपाई परमेश्वराच्या याजकांवर हात टाकायला नकार देतात. मग दवेग स्वतः पुढे होतो आणि त्या दिवशी तागाचे एफोद घालणारे ८५ पुरुष मारतो. नोब नगरातली बायकामुले, तान्ही बाळे आणि गुरेढोरेही तलवारीखाली जातात. जिभेने सुरू केलेले काम त्याच माणसाच्या हाताने पुरे केले.

बावन्नाव्या स्तोत्राच्या शीर्षकात याच दवेगाचे नाव आहे. दावीद त्याच्या जिभेला धारदार वस्तऱ्याची उपमा देतो. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे वाक्य. तू खोटे बोललास, एवढ्यावर तो थांबत नाही. तुला बऱ्यापेक्षा वाईट अधिक आवडते, गिळून टाकणारे शब्द तुला प्रिय आहेत, असा त्याचा आरोप आहे. आरोपाचे मूळ आवडीत आहे. न्यायालयात खरे-खोटे तपासताना वाक्ये एकेक करून तोलतात, आणि तशा तपासणीत दवेग सुटला असता. स्तोत्रकर्ता त्याच्या अंतःकरणाची चव विचारतो. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातही कानगोष्टी करणाऱ्याचे शब्द चविष्ट घासासारखे पोटात उतरतात असे म्हटले आहे, आणि हे लिहिणाऱ्याने माणसांत बसून ऐकलेले असणार. दुसऱ्याची फजिती ऐकताना जी गोडी लागते ती आपल्यापैकी कोणाला अनोळखी आहे? त्या हसणाऱ्या तोंडाबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस, पण स्क्रीनशॉटपेक्षा मला तेच जास्त खटकले. "गंमत केली" ही सबबही शास्त्राने आधीच ऐकून ठेवली आहे. शेजाऱ्याला फसवून मग मी थट्टाच करत होतो म्हणणारा माणूस, कोलिते आणि बाण फेकणाऱ्या वेड्यासारखा आहे, असे नीतिसूत्रांच्याच सव्विसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे.

यावर तू म्हणशील की मग खरे बोलायचेच नाही का? बोलायचे, आणि कसे ते शमुवेलाच्या त्याच पुस्तकात आहे. एकोणिसाव्या अध्यायात, म्हणजे नोबच्या प्रसंगाच्या थोडे आधी, शौलाचा मुलगा योनाथान याच शौलापुढे याच दाविदाविषयी बोलतो. दाविदाने जिवावर उदार होऊन त्या पलिष्ट्याला, गल्याथाला, मारले, ते पाहून तुम्हालाही आनंद झाला होता, मग निर्दोष माणसाचे रक्त पाडून पाप का करता, असे तो बापाला तोंडावर विचारतो, आणि शौल शपथ घेऊन माघार घेतो. गल्याथ दोघांच्याही बोलण्यात आहे. योनाथानाने गल्याथाची आठवण काढली ती दाविदाचा जीव वाचावा म्हणून, आणि दवेगाने गल्याथाच्या तलवारीचा उल्लेख केला तो राजाचा संशय भडकावा म्हणून. राजा तोच, विषय तोच, दोन्ही ठिकाणी हकीकत खरी. नाथान संदेष्ट्यानेही दाविदाचे पाप उघडे केले, पण ते दाविदासमोर उभे राहून, त्याच्या पाठीमागे चार लोकांत नाही. कामात कोणी खरोखर लबाडी करत असेल तर ती वरिष्ठांना सांगणे तुझे कर्तव्यच आहे, आणि तिथे गप्प बसण्याला मी सज्जनपणा म्हणणार नाही.

आपल्या प्रभूवर खटला चालला तेव्हाही असेच झाले. मी मंदिर मोडून तीन दिवसांत बांधू शकतो असे हा म्हणाला, अशी साक्ष देणारे दोघे पुढे आले, आणि शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्यांची गणना खोट्या साक्षीदारांतच करतो. वास्तविक तीन दिवसांचे आणि मंदिराचे बोलणे प्रभूच्या तोंडून निघाले होते; योहानाच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. पण "तुम्ही हे मंदिर मोडा" हे "मी मोडू शकतो" झाले, आणि तो आपल्या शरीराविषयी बोलत होता हे कोणी सांगितलेच नाही. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर चहाडी करत हिंडू नको आणि शेजाऱ्याच्या जिवावर उठू नको, या दोन आज्ञा एकाच वचनात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. नोब वाचल्यावर त्या एकत्र का, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हे केवळ आपल्याच मंडळीत शिकवतात असेही समजू नकोस. खालच्या मजल्यावरचे काका, जे दरवर्षी दामोदर सप्ताहात भजनाला जातात, त्यांनी मला गीतेच्या सतराव्या अध्यायातले वाणीचे तप सांगितले: उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे. सत्य हा त्यात एक भाग आहे, सगळे तप नव्हे. आणि आपल्या गोव्यात तर शास्त्रातल्या कथा मराठी ओवीत सांगण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले. त्यामुळे भाषा परकी होती म्हणून कळले नाही, असे म्हणायची सोय इथल्या कोणाला नाही.

आता तुझ्यापुरते. नोबचे याजक परत आले नाहीत. वाचलेला एकटा अब्याथार, अहीमलेखाचा मुलगा, दाविदाकडे पळून आला तेव्हा, तुझ्या बापाच्या घराण्याच्या मृत्यूला मी कारण झालो, असे दाविदाने त्याला तोंडाने सांगितले आणि त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. दवेग त्यानंतर त्या कथेत कुठेच दिसत नाही. तुझ्या मित्राची नोकरी गेली आहे, जीव नाही, आणि सीझन अजून सुरू व्हायचा आहे. वेदीशी अर्पण आणले असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. म्हणून येत्या रविवारी उपासनेला उशीर झाला तरी चालेल, पण त्याआधी त्याच्याकडे जा. ग्रुपवर "सॉरी" टाकून हे भागणार नाही. मॅनेजरला पूर्ण निरोप दाखवायला हवा, आणि तो त्या मुलाच्याच फोनमध्ये आहे, त्यामुळे त्याच्या दारात गेल्याशिवाय तुला काही करताच येणार नाही. तिथे आधी त्याच्या आईची चौकशी कर. मॅनेजरपुढे स्क्रीनशॉट कोणी पुढे पाठवला ते तुझ्या नावानिशी सांग, मूळ कोणी काढला ते सांगण्याची घाई करू नकोस.

तुझ्या आईला मी यातले काही बोललेलो नाही. ती विचारील तेव्हा काय झाले ते तूच सांग.

तुझे
बाबा