चषक नसलेला विक्रमवीर

महोदय,

खेळाडूचे मोठेपण जिंकलेल्या चषकांवरून मोजण्याची आपल्या क्रीडापानांची सवय खटकते. कॅनडाच्या फुटबॉलमधील (आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन धाटणीचा, चेंडू हातात घेऊन खेळायचा) मिल्ट स्टीगलचेच पाहा. अमेरिकेत सिनसिनाटी बेंगल्स संघाकडे फारशी संधी न मिळालेला हा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) १९९५ मध्ये कॅनडातील विनिपेग ब्लू बॉम्बर्स संघाकडे आला आणि २००८ पर्यंत तिथेच रमला. तिथले मैदान अमेरिकेपेक्षा लांब-रुंद, पण दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच प्रयत्न. त्यामुळे चेंडू फेकण्यावर भर, आणि धावत जाऊन तो झेलणाऱ्याला भाव! स्टीगलने विक्रमी १४७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणे) केले. २००६ मध्ये एडमंटनविरुद्ध संघ तीन गुणांनी मागे, अवघे चार सेकंद शिल्लक. अशा वेळी त्याने शंभर यार्डांचा टचडाउन करून सामना फिरवला. ग्रे कप, म्हणजे तिथला अजिंक्यपदाचा चषक, मात्र त्याला कधीच मिळाला नाही. २००१ आणि २००७ अशा दोन्ही अंतिम सामन्यांत विनिपेग हरले. २००७ मध्ये तर चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅकच, जायबंदी होता. झेलणाऱ्याने तरी काय करावे? तरीही २०१२ मध्ये कॅनडाच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-यादीत, त्याचा समावेश झाला. आपल्याकडे अशा खेळाडूला दोन ओळी तरी मिळाल्या असत्या का?

– एक क्रीडाप्रेमी वाचक