व्हर्जिनियात गाडी चालवणाऱ्या मुलांसाठी

संपादक महोदय, स. न. वि. वि.

इथे शिकायला आलेल्या माझ्या भाच्याला परवा ग्रामीण भागातल्या हायवेवर पोलिसांनी अडवलं; वेग ताशी ८७ मैल. हातातला कागद साधी पावती समजून तो ऑनलाइन दंड भरायला बसला होता! व्हर्जिनियात ८५ मैलांच्या वर गेलात की तो ‘रेकलेस ड्रायव्हिंग’चा, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याचा, फौजदारी गुन्हा. नुसता दंड भरून सुटका नाही, तारखेला कोर्टाची पायरी चढावीच लागते. कमाल शिक्षा १२ महिने कैद आणि २,५०० डॉलर दंड.

पोलिसांनी दिलेला तो कागद म्हणजे कोर्टाचं समन्स; त्यावर काउंटीचं (जिल्ह्याचं) नाव असतं. राज्याच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तिथलं जनरल डिस्ट्रिक्ट कोर्ट निवडून आडनाव टाका, खटला मोफत दिसतो. निकालाची प्रमाणित प्रत क्लार्ककडून जरूर घ्यावी. व्हिसाच्या अर्जात शिक्षेबद्दल विचारतात, तेव्हा ती कामी येते. आईवडिलांनो, मुलांना हे आजच फोनवर सांगा.

– एक वाचक, रिचमंड, व्हर्जिनिया