ओटिंगचा आदेश कारणांसह प्रसिद्ध करा: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस,
स. न. वि. वि.

४ डिसेंबर २०२१, शनिवार. नागालँडच्या मोन जिल्ह्यात तिरूच्या कोळसा खाणीतून ओटिंगला घरी परतणाऱ्या मजुरांच्या पिकअपवर, बंडखोर येणार या खबरेवरून दबा धरून बसलेल्या लष्कराच्या पॅरा कमांडोंनी गोळीबार केला. गाडीतल्या ८ जणांपैकी ६ ठार झाले. शोधत आलेल्या गावकऱ्यांशी त्याच रात्री झटापट झाली, तीत आणखी ७ ग्रामस्थ आणि १ जवान गेला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी एकाचा बळी गेला.

राज्याच्या विशेष तपास पथकाने ३० जवान-अधिकाऱ्यांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केले. ओळख न पटवताच गोळीबार झाला, हा त्याचा गाभा. अफ्स्पा, म्हणजे सशस्त्र दल (विशेष अधिकार) कायदा, लागू असलेल्या भागात केंद्राच्या मंजुरीशिवाय जवानांवर खटला चालत नाही. २०२३ मध्ये आपल्या मंत्रालयाने ही मंजुरी नाकारली.

खबर चुकू शकते. अमुक वेळी, अमुक रस्त्याने, अमुक रंगाची गाडी येणार, एवढ्यावर सापळा लावला की त्या वर्णनात बसणारी पहिली गाडी 'तीच' वाटू लागते. म्हणून खबर आणि गोळी यांच्यामध्ये ओळख पटवण्याची पायरी असते. ती कोणी, कशावरून पटवली, हे गोळीबारापूर्वीच्या रेडिओ संभाषणात नोंदलेले हवे. नंतर लिहिलेल्या अहवालाला तेवढे मोल नाही.

गाडीला थांबण्याचा इशारा केला, ती पळू लागली, असे संसदेत सांगितले गेले. वाचलेल्या मजुराने हे नाकारले. पण सरकारचे म्हणणे खरे धरले तरी प्रश्न उरतोच. इंजिनाच्या आवाजात, वळणाच्या रस्त्यावर झाडीतून दिलेली हाक चालकाला ऐकू जाईलच असे नाही. शिवाय अंधारात हत्यारबंद माणसे दिसली की निरपराध माणूसही गाडी दामटतो. चालत्या गाडीला इशारा द्यायचा तर आधी दिसेल असा अडथळा, त्यावर उजेड, टायर फोडणारी काटेरी पट्टी आणि पुढे दुसरी तुकडी हवी. अफ्स्पाच्या कलम ४(अ) मध्येही पळणे हे गोळी घालण्याचे कारण नाही. शस्त्रबंदी किंवा जमावबंदीचा भंग करणाऱ्यावर, तोही पुरेसा इशारा दिल्यावर आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी गरजेचे असेल तरच, बळ वापरता येते.

बंडखोर गणवेश घालत नाहीत, जवानाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो, हे आम्ही जाणतो. तरीही संशय असेल तिथे थांबण्याचा धोका चिलखत घातलेल्या प्रशिक्षित जवानाने पत्करायचा, डबा घेऊन घरी निघालेल्या मजुराने नव्हे. सैनिकी पेशाची नीती यावरच उभी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अफ्स्पा वैध ठरवला, तेव्हा लष्कराची 'काय करावे, काय करू नये' ही यादी बंधनकारक केली. छाप्यापूर्वी स्थानिक नागरी प्रशासनाकडून नक्की माहिती घ्या, शक्यतो त्यांचा प्रतिनिधी सोबत ठेवा, असे त्यात स्पष्ट आहे. तिरूचा रस्ता ओळखणारा एक स्थानिक पोलीस जरी त्या तुकडीसोबत असता, तरी खाणमजुरांची गाडी कोणती हे त्याने सांगितले असते. मृतदेह तिथून हलवण्याआधी जवळच्या ठाण्याला कळवून पंचनामा सुरू केला असता, तर रात्रीचे मृत्यू टळण्याची संधी होती.

त्याच निकालात न्यायालयाने कलम ६ खालील मंजुरी देणारा किंवा नाकारणारा आदेश कारणांसहच काढावा, असे म्हटले आहे, कारण त्याची न्यायालयीन तपासणी होऊ शकते. म्हणून मागतो ते एवढेच: नकाराचा आदेश कारणांसह प्रसिद्ध करा. गुप्त खबऱ्याचे नाव झाका, बाकीचे झाकू नका. लष्कराच्या अंतर्गत चौकशीत काय निष्पन्न झाले, कोणावर कोणती कारवाई झाली, हे मृतांच्या कुटुंबीयांना लेखी कळवा. आणि दोषारोपपत्र समोर ठेवून मंजुरीचा फेरविचार करा. १७ सप्टेंबर २०२४ रोजी या ३० जणांविरुद्धची कार्यवाही बंद करतानाही, मंजुरी मिळाल्यास खटला पुढे चालू शकेल, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने खुली ठेवली आहे.

कळावे.