अक्षता खिशातच राहिल्या

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या वेळचा पांढरा सदरा धुवायला काढला, तर खिशात अक्षता निघाल्या. आई, सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्यात, संमती कट्ट्यापाशी, तूच माझ्या हातावर ठेवल्या होत्यास. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं, सगळ्यांचे हात वर गेले आणि माझ्या हातात मोबाईल. व्हिडिओ नीट यावा म्हणून अक्षता खिशात टाकल्या होत्या. तो व्हिडिओ अजून एकदाही उघडलेला नाही.

बाबा, त्याच रात्री तुम्ही कारखाना विकायचा विषय काढलात. मी मोबाईलमध्ये बघत 'हं, हं' करत होतो. सकाळी विचारलं, "रात्री काय म्हणत होतात?" तुम्ही काही बोलला नाहीत, कप खाली ठेवून उठलात. ते मनातून जात नाही. लहानपणी मी पाहिलंय, सगळे माग खडखडत असताना तुम्ही एकदम उठून नेमक्या एका मागापाशी जायचात. आवाज जरा बदलला की तुम्हाला कळायचं, धागा तुटलाय. माझं ऑफिसात चार ओळींचा मेल वाचतानाही लक्ष टिकत नाही. रात्री डोकं जड होतं आणि दिवसभर काय पाहिलं ते आठवत नाही.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. ४६७ जणांना दोन आठवडे मोबाईलवरचं इंटरनेट बंद ठेवायला सांगितलं होतं. फोन आणि साधे मेसेज चालू. त्यांचं लक्ष एका जागी टिकण्याची क्षमता वय दहा वर्षांनी कमी व्हावं इतकी सुधारली, मनही हलकं झालं. त्यामागचं एक कारण साधं आहे: तो वेळ माणसांत, व्यायामात, मोकळ्या हवेत गेला.

मीही बारा दिवस झाले, तसंच करतोय. पहिले तीन दिवस हात उगाच खिशाकडे जायचा, चिडचिड व्हायची. आता रात्री वीस-पंचवीस पानं सलग वाचून होतात. आई, तुझे सकाळचे व्हॉट्सॲप दिसले नाहीत तर काळजी करू नकोस. सरळ फोन कर, मी उचलेन.

शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येतोय. बाबा, कारखान्याचं पहिल्यापासून सांगा. अक्षता पुडीत बांधून ठेवल्यात. आई, रविवारी तू नि मी जाऊन सिद्धरामेश्वरांना वाहून येऊ.

तुमचा,
बाळू