हॅन्सेलचं काम मिळालं, आणि एका कामाला नाही म्हटलंय

प्रिय आई-बाबा,

बाबा, नोकरी पर्मनंट कधी होणार हे तुम्ही परत विचारलंत, ते फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहितेय. इथे जर्मनीत थिएटरमध्ये आमच्यासारख्या ऑपेरा गायकांना सुरुवातीला पर्मनंट असं काही नसतंच. कॉन्ट्रॅक्ट सीझनपुरतं, आणि पुढच्या सीझनला ठेवायचं नसेल तर थिएटरने ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवायचं, नाही कळवलं तर ते आपोआप वर्षभर वाढतं. त्यामुळे अख्खा ऑक्टोबर आम्ही सगळे जीव मुठीत धरून असतो. तारीख गेली, मला पत्र आलं नाही, म्हणजे पुढचं वर्ष पक्कं. आई, देवापुढे साखर ठेव गं.

आणि मुख्य म्हणजे डिसेंबरमध्ये मी 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' या ऑपेरात हॅन्सेल करतेय! सेकंड कास्ट, म्हणजे कलाकारांच्या दुसऱ्या संचात आहे, त्यामुळे बरेचसे शाळेच्या मुलांसाठीचे सकाळचे प्रयोग, पण रोल पूर्ण. १८९३ साली वायमारला पहिला प्रयोग झाला तोही नाताळच्या तोंडावरच, आणि अजून दर नाताळला जर्मनीभर हा ऑपेरा लागतो. हॅन्सेल मेझो, म्हणजे मधल्या पट्टीच्या आवाजाच्या बाईनेच करायचा असतो. बालगंधर्वांनी शालू नेसून भामिनी केली, तुमची लेक हाफपँट घालून पोरगा करणार बाबा.

गोष्ट लहान मुलांची असली तरी गायला सोपं नाहीये हां. याचा संगीतकार हुम्परडिंक, म्हणजे वाग्नरसारख्या बड्या संगीतकाराच्या हाताखाली काम केलेला माणूस, त्याचा ऑर्केस्ट्रा खूप भरगच्च आहे, आणि आम्हाला माइक नसतो. तुम्ही सांगता ना जुन्या नाटकवाल्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, तसंच. पण ते ओरडून होत नाही. साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपास ऑर्केस्ट्राचा जोर कमी पडतो आणि मुरलेल्या आवाजाची धार नेमकी तिथेच लागते, म्हणून तो वर ऐकू येतो. ती धार यायला वर्षं जातात. सगळ्यात अवघड मला दुसऱ्या अंकातली झोपायच्या आधीची प्रार्थना वाटते, जंगलात हरवलेली दोघं भावंडं हळू आवाजात गातात, वरचा सूर ग्रेटेलचा आणि खालचा माझा. हळू गायचं पण पोकळ वाटू द्यायचं नाही. रोज सकाळी तेवढंच घेऊन बसते.

आता जे सांगायला जड जातंय ते. दुसऱ्या एका थिएटरकडून आझुचेनाच्या रोलसाठी विचारणा आली होती, व्हेर्दीच्या 'इल त्रोवातोरे' या ऑपेरातली म्हातारी जिप्सी, खूप मोठा रोल, पैसेही चांगले, आणि मी नाही म्हटलं. बाबा, रागावू नका. तो रोल चाळिशीच्या आसपासच्या, वजनदार आवाजाचा आहे. माझा आत्ता लिरिक, म्हणजे हलका मेझो आहे, मोझार्ट गाण्याचा, त्याच्यावर आत्ताच ते ओझं टाकलं तर वरचे सूर थरथरायला लागतात आणि मग ते परत आणणं फार कठीण. चांगले चांगले आवाज तिशीतच संपलेले मी इथे बघितलेत, लवकर मोठं काम घेतल्यामुळे. माझ्या गाण्याच्या मॅडमही थांब म्हणाल्या, पण निर्णय माझाच आहे. मला पन्नाशीतही गायचंय. मावशीला पण सांगा, कार्मेनसारख्या मोठ्या रोलला अजून वेळ आहे.

पैशाची काळजी करू नका. डिसेंबरमध्ये इथल्या चर्चमध्ये बाखच्या ख्रिसमस ऑरेटोरिओतले, म्हणजे नाताळच्या मोठ्या धार्मिक गायनरचनेतले, अल्टोचे (बायकांच्या खालच्या आवाजाचे) सोलो मिळालेत, त्याचे वेगळे पैसे येतात. आई, त्यात दुसऱ्या भागात बाळ येशूसाठी अंगाई आहे, तुला फार आवडेल बघ.

व्हिसा झालाच आहे तर तारखा हलवू नका. बाबांच्या गुडघ्यासाठी मी पहिल्या बाल्कनीतली कडेची तिकिटं धरून ठेवलीयेत, तिथे लिफ्ट आहे आणि आवाजही खालच्यापेक्षा छान येतो. थर्मल इथेच घेऊ, येताना फक्त गोडा मसाला आणि आमसुलं आणा.

तुमची,
मनू