स्वर्गाची आशा आणि बाकावरची पितळी पट्टी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडेच एका वाचकांनी असे मत मांडले होते की, ख्रिस्ती माणूस स्वर्गात प्रतिफळ मिळावे म्हणून सेवा करतो, तेव्हा ती सेवा म्हणजे मुळात देवाशी केलेला व्यवहार असतो आणि निष्काम कर्माच्या तुलनेत ती खालच्या पायरीवरची ठरते. पत्राची भाषा सभ्य होती, शंकाही प्रामाणिक होती. म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटले. मी वसईच्या बागायतदार ख्रिस्ती कुटुंबातला निवृत्त शिक्षक आहे. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही, पण ज्या आशेवर आमच्या घरातली माणसे जगली आणि गेली, तिच्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

पहिली गोष्ट कबूल करतो. येशूने प्रतिफळाविषयी बोलणे कुठेही टाळलेले नाही. डोंगरावरील प्रवचनात त्याने छळ सोसणाऱ्यांना स्वर्गातल्या मोठ्या प्रतिफळाचे वचन दिले आहे, आणि कसर व जंग जिथे लागत नाही तिथे धन साठवा असेही सांगितले आहे. तेव्हा आम्हाला कसलीच अपेक्षा नाही, असा आव मी आणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की हे प्रतिफळ कोणत्या जातीचे आहे.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आहे. काही मजूर पहाटे कामाला लागले, काही दुपारी, काही तर दिवस मावळायला तासभर उरला असताना. आणि संध्याकाळी धन्याने सर्वांच्या हातावर एकेक दिनारच ठेवला. आमच्या वसईत केळीच्या बागेत रोजाने माणसे लावणाऱ्या कोणालाही विचारा, असा हिशेब केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कोण येईल? येशूच्या श्रोत्यांनाही मजुरीचे दर ठाऊक होते, आणि पहाटे आलेल्यांची कुरकुर त्या दृष्टान्तातच नोंदलेली आहे. स्वर्गाचा भाव ठरवता येत नाही हे सांगण्यासाठीच ही गोष्ट आहे. व्यवहार म्हटला की दर आला, माप आले, पावती आली. इथे यांपैकी काहीच नाही.

त्याच शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन येते, आणि पत्रलेखकांनी ते एकदा सावकाश वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, आजारी होतो तेव्हा माझा समाचार घेतला. त्यावर ते लोक चकित होऊन विचारतात, "प्रभू, आम्ही तुला कधी पाहिले?" ज्यांना प्रतिफळ मिळते त्यांना आपण काय केले हे आठवतसुद्धा नाही. ज्याने वही ठेवली असेल तो असे विचारणारच नाही. तो वही उघडून दाखवील.

आमच्याच मातीतले एक उदाहरण देतो. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलाखालच्या वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या मिशनऱ्यांबरोबर ते जपानला गेले, पुढे त्यांनी व्यापार केला आणि त्यात त्यांचे चांगले बस्तानही बसले. देवाणघेवाण त्यांना उत्तम कळत होती. तरीही तो जम मोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात साधे बंधू (ब्रदर) म्हणून दाखल झाले, जपानी भाषा येत असल्यामुळे दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे एकूण २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले त्यांत तेही होते. १८६२ साली त्यांना संत घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. वसईच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, पण तिथे शिकणाऱ्या किती मुलांना ते व्यापारी होते हे माहीत असेल? व्यापारात मुरलेल्या माणसाने असा सौदा केला नसता. त्यांना दुसरेच काहीतरी दिसले होते.

स्वर्गाकडे डोळे लागले की माणूस पृथ्वीकडे पाठ फिरवतो, असाही सूर त्या पत्रात होता. त्याबद्दल फार लिहीत नाही. 'सुवार्ता' मासिकाचे माजी संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी किती रोष ओढवून घेतला, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही.

आता घरचे सांगतो. माझी आई अळूच्या जुड्या घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जात असे. आदल्या संध्याकाळी ओसरीवर बसून ती केळीच्या सोपटाच्या दोरीने जुड्या बांधायची आणि मी पाने मोजून द्यायचो. एकदा मी किडीने खाल्लेली चार पाने जुडीच्या आत सरकवली, बाहेरून ताजी लावली. तिने जुडी हातात घेताच सोडली, ती पाने बाजूला काढली आणि पुन्हा बांधली. "गिऱ्हाईक कुठे सोडून बघतंय?" असे मी म्हणालो, तर ती एवढेच म्हणाली, "वर बघणारा आहे ना." तिच्या बोलण्यात भीती मला कधी जाणवली नाही. आपले काम कोणीतरी प्रेमाने पाहत आहे, या जाणिवेने ती दिवसभर उभी राहू शकत होती.

माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. त्यानंतर नऊ वर्षे वहिनीने त्याचे सगळे अंथरुणातच केले. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची, पेज चमच्याने भरवायची आणि गिळेपर्यंत हनुवटीखाली हात धरून थांबायचे. रात्रीसुद्धा यात खंड पडला नाही. मी शेजारच्याच घरात राहत असूनही रात्रीची पाळी मी क्वचितच घेतली, ही माझी चूक आहे आणि ती मला आजही बोचते. आपल्या दैनिकातले ते पत्र मी वहिनीला वाचून दाखवले आणि स्वर्गात तिला काय हवे आहे असे विचारले. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, "तिथे हे माझ्याशी बोलतील." नऊ वर्षांच्या सेवेचे मोल म्हणून तिने मागितला तो एक आवाज. याला लोभ म्हणावे असे मला वाटत नाही. मुक्ती नको, धनसंपदा नको, संतसंग दे, असे देवाजवळ मागणाऱ्या तुकोबांना तिचे म्हणणे लगेच कळले असते. आमच्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनीही १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त जवळपास अकरा हजार ओव्या रचताना स्वर्गासाठी वैकुंठ हाच शब्द वापरला, तो इथल्या माणसाच्या ओळखीचा होता म्हणूनच.

तरीही पत्रलेखकांचा आक्षेप सर्वस्वी चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. व्यवहार आमच्यात शिरलेला आहे, मात्र तो स्वर्गाशी नसून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आहे. सणाच्या फलकावर देणगीदारांची नावे रकमेनुसार लहानमोठ्या अक्षरांत येतात, गरिबांना धान्य वाटतानाचे फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाइलवर फिरतात. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, असे सांगणाऱ्या प्रभूने लोकांना दाखवण्यासाठी दान करणाऱ्यांबद्दल म्हटले आहे की त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले. या वाक्याची मला धास्ती वाटते. ज्याची वरच्या प्रतिफळावर खरोखर श्रद्धा आहे, त्याला खालची पावती लागू नये. आम्हाला ती लागते, म्हणजे ती श्रद्धा आमच्यात पुरती मुरलेली नाही.

हे मी दुसऱ्यांबद्दल लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आईवडिलांच्या स्मरणार्थ मी आमच्या चर्चला एक बाक दिला, आणि त्यावर आईवडिलांच्या नावाखाली माझे नावही कोरलेली पितळी पट्टी बसवून घेतली. दर रविवारी मिस्सेला आत जाताना माझी नजर आधी तिच्याकडे जायची. वहिनीचे उत्तर ऐकल्यानंतर मी फादरांना भेटून ती पट्टी काढण्याची विनंती केली आहे. इतर देणगीदारांनाही विचारावे लागेल, असे ते म्हणाले. येत्या उपवासकाळापूर्वी आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) सर्व कुटुंबांनी सगळ्या बाकांवरच्या पट्ट्या काढायला होकार द्यावा, यासाठी मी घरोघरी जाणार आहे. प्रत्येक पट्टी चार स्क्रूंवर बसवलेली आहे, आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
वसई, जि. पालघर