घरून काम करायचं म्हणतोस, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

नोकरी सोडायचं तू जवळजवळ ठरवलंच आहेस, हे तुझ्या पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदातच कळलं. सल्ला विचारतोयस खरा, पण तुला हवा आहे होकार. तो घे. तुझा हात मी कॉलेजपासून पाहतोय, तुला कामाची ददात पडायची नाही. माझी हरकत आहे ती तुझ्या एकाच वाक्याला. घरून काम सुरू केलं की लेकीला वेळ देता येईल आणि इतकी वर्षं राहून गेलेली स्वतःची चित्रंही होतील, असं तू लिहिलंयस. दोन्ही होऊ शकतं रे, पण नुसतं घरी बसल्यानं होत नाही. आणि हे तुला दुसरं कुणी सांगायचं नाही, कारण घरून काम करणारे आम्ही सगळे चारचौघांत फार सुखात असतो.

घरी वेळ वाढत नाही, त्याचे तुकडे होतात. सकाळची शाळेची धांदल आटोपली की जरा वेळ मिळतो, तेवढ्यात कुरिअरवाला येतो. पुन्हा बसावं तर शाळेतून फोन, की पोरीच्या पोटात दुखतंय. संध्याकाळी बेरीज केलीस तर ऑफिसइतकेच तास भरतील. पण आपलं डिझाइनचं काम बेरजेवर चालत नाही. मुखपृष्ठाची कल्पना धरायची तर पहिला बराचसा वेळ नुसत्या रेघोट्यांत जातो, चार टाकाऊ गोष्टी कागदावर उतरतात आणि मग कुठं तंद्री लागते. नेमकं तेव्हाच कुणीतरी दार ढकलतं. ढकलणाऱ्याच्या लेखी त्यानं दोनच मिनिटं घेतलेली असतात. तुझी मात्र गाडी पुन्हा चढाच्या पायथ्याशी.

त्यात आपला धंदाच असा, की त्यातलं सगळ्यात अवघड काम दिसत नाही. हात माउसवर असला तर बाबा कामात, भिंतीकडं बघत बसला तर बाबा मोकळा. मुलांचं सोड, मोठ्यांनाही हे पटवायला वेळ लागतो. माझ्या आईनं कितीदा तरी ‘काही करत नाहीयेस ना, मग जरा...’ असं म्हणून मला उठवलंय, आणि तिच्या बाजूनं तिचं काहीच चुकत नव्हतं.

मी आता कामाचे दोन ढीग करतो. एक हाताच्या कामाचा. त्यात फोटो कापणं, छपाईला लागणारं रिझोल्युशन, म्हणजे इंचाला ३०० ठिपके (डीपीआय), आहे का बघणं, ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी कडेची जादा जागा, सोडलंय का तपासणं, आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, आलेली चित्रं सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या रंगांत, नेणं, करेक्शन लावणं, फाइलींना धड नावं देणं. ही कामं तुटक वेळात मजेत होतात, पोर मांडीवर बसलेलं असलं तरी होतात. दुसरा ढीग डोक्याचा. अगदी पहिले रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं, अक्षराची निवड, पानाची मांडणी, रंग. हा ढीग छोटा असतो, पण त्याला अख्खा, न तुटलेला तुकडाच लागतो. बहुतेक जण सकाळचा ताजा वेळ ईमेलला उत्तरं देण्यात घालवतात आणि डोक्याचं काम रात्री सगळे झोपल्यावर करू म्हणतात. रात्री तेही झोपलेले असतात, फक्त बसून.

आणखी एक सवय लावून घे. हाक आली की लगेच उठायचं नाही. आधी कागदाच्या कडेला पुढची एकच गोष्ट लिहायची आणि मग उठायचं. माझ्यासमोर आत्ता एक चिठ्ठी आहे, ‘बाईचा उजवा खांदा खाली घे, मग शीर्षक वर सरकेल.’ काल एवढं लिहून उठलो होतो. आज बसल्या बसल्या खांदा खाली घेतला आणि काम आपलं आपण चालू झालं. ही चिठ्ठी नसती तर काल काय खटकत होतं हे शोधण्यातच सकाळ गेली असती.

तुला पॉल क्ले हा चित्रकार आवडतो, म्हणून त्याच्याविषयी थोडं सविस्तर लिहितो. १९०६ साली त्याचं लिलीशी लग्न झालं, दोघं म्युनिकला राहायला लागले आणि १९०७ च्या नोव्हेंबरात त्यांच्या मुलाचा, फेलिक्सचा जन्म झाला. क्लेची चित्रं तेव्हा विकली जात नव्हती. लिली पियानोच्या शिकवण्या घ्यायची, त्यावर घर चालायचं. स्वयंपाक आणि पोर क्लेकडं. त्या काळात एका पुरुषानं हे करायचं म्हणजे काय, याचा विचार कर. हातचं राखूनही करत नव्हता तो. फेलिक्सच्या वाढीची त्यानं नोंद ठेवली होती, त्यात वजन, आजारपण, पोर काय बोलायला लागलं, असं सगळं टिपलेलं. १९०९ मध्ये फेलिक्स फार आजारी पडला, तेव्हा त्याची शुश्रूषाही क्लेनंच केली. आणि चित्रं काढायची जागा कुठली, तर स्वयंपाकघर.

आता त्या वर्षांतली त्याची कामं डोळ्यांसमोर आण. बहुतेक कागदावरची, लहान, शाईतली नाहीतर जलरंगातली, काही काचेवरची. टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारी. पोरामुळं तो लहान आकारात शिरला असं मी म्हणणार नाही, पुढं बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिकवायला लागल्यावर चांगला स्टुडिओ मिळाला तरी भल्यामोठ्या कॅनव्हासची हाव त्याला सुटली नाही. पण त्याचा पिंड आणि त्याचं घर यांचं जुळलं, एवढं खरं. फेलिक्सच्या नवव्या वाढदिवसाला, १९१६ साली, त्यानं त्याच्यासाठी हातात घालून नाचवायच्या बाहुल्या केल्या. १९२५ पर्यंत अशा सुमारे पन्नास झाल्या, त्यातल्या तीस शिल्लक आहेत, बर्नच्या क्ले संग्रहालयात. घरातल्या चिंध्या, प्लास्टर, हाडं, हाताला लागेल ते घेतलेलं. एकीत तर चक्क विजेचं सॉकेट वापरलंय! फोटो शोधून बघ, त्या बाहुल्या पोराला रिझवायला उरकलेल्या वाटत नाहीत. त्या क्लेच्याच आहेत, पहिल्या टाक्यापासून.

रूथ असावा या अमेरिकन शिल्पकर्तीची गोष्ट वेगळी, तिला सहा मुलं. १९४७ मध्ये मेक्सिकोतल्या तोलुका गावी ती तारेच्या टोपल्या विणायला शिकली आणि त्याच विणीतून पुढं तिची ती पारदर्शक, छताला टांगलेली शिल्पं आली. तारेचा एक फासा, त्यात दुसरा, त्यात तिसरा. ही वीण कुठंही थांबवता येते आणि कुठूनही उचलता येते. इमोजेन कनिंगहॅमनं पन्नासच्या दशकात काढलेला तिचा एक फोटो आहे, मध्ये ती, भोवती शिल्पं आणि पोरं आपापल्या उद्योगात. लोक त्या फोटोला ‘किती गोड’ म्हणतात. मला त्यात गोडवा कमी आणि अक्कल जास्त दिसते. मुलं अंगाखांद्यावर असताना जे करता येईल तेच काम तिच्या हातात आहे, आणि ते पहिल्या प्रतीचं आहे.

सगळ्यांचं असं जमून येत नाही. बार्बरा हेपवर्थ ही इंग्लिश शिल्पकर्ती दगड आणि लाकूड कोरायची. १९३४ मध्ये तिला तिळं झाली. १९३९ साली, युद्धाच्या तोंडावर, मुलांना घेऊन ती आणि तिचा नवरा, चित्रकार बेन निकल्सन, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सेंट आइव्हजला गेले. तिथं घर लहान, दिवस मुलांमागं जायचा, त्यामुळं कोरणं बंदच पडलं. मग रात्री ती रेखाटनं करायची, प्लास्टरचे छोटे नमुने करायची. मोठं घर मिळाल्यावर पुन्हा छिन्नी हातात घेतली. मधली ती काही वर्षं तिनं काम सोडलं नाही, फक्त हातातली वस्तू बदलली. तुझ्या त्या सहाफुटी कॅनव्हासांच्या मालिकेबद्दल मला हेच सुचवायचं होतं. लेक शाळेत रुळेपर्यंत ती मालिका वहीत होऊ दे. तुला राग येईल, येऊ दे. भिंतीला टेकवलेला कोरा कॅनव्हास रोज बघण्यापेक्षा भरलेली वही केव्हाही बरी.

आता जरा टोचेल असं लिहितो. तो न तुटलेला तुकडा, डोक्याच्या कामाचा, तो आकाशातून पडत नाही. तो दरवेळी कुणाच्या तरी वाट्यातून येतो. क्लेला तो लिलीच्या शिकवण्यांनी दिला. कार्ल लार्सन हा स्वीडिश चित्रकार तुला माहीत असेल, घरातल्या, मुलाबाळांच्या त्या उजळ जलरंगांमुळं जगभर गाजला. त्याची बायको कारीन स्टॉकहोमच्या अकादमीत शिकलेली चित्रकार होती. १८८३ मध्ये लग्न झालं, मुलं होत गेली आणि तिनं चित्रं काढणं सोडलं. पण त्या चित्रांत जे पडदे, चादरी, विणकाम, फर्निचर दिसतं, त्यातलं पुष्कळ तिनं कल्पिलेलं आहे. काय डिझायनर होती! तिच्या त्या कामाला तिच्या नावानं मान मिळायला मात्र फार उशीर लागला. कार्ल वाईट माणूस होता म्हणून हे झालं असं नाही. कुणी ठरवलं नाही, म्हणून जे सोयीचं ते होत गेलं.

तुझ्या घरी हे उलटं होण्याची शक्यता आहे, आणि सुलटंही. वहिनींची नोकरी चालू राहणार, तू घरी, म्हणजे पोरीचं आजारपण, गॅसवाला, प्लंबर, शाळेची मीटिंग हे सगळं न बोलता तुझ्याकडं सरकेल. तक्रार करायला तुला तोंड नसेल, कारण तू ‘घरीच’ असतोस. किंवा असं होईल, की तू ‘कलाकार’ म्हणून दार लावून बसशील आणि दमून घरी आलेल्या वहिनी दुसरी पाळी सुरू करतील. माझ्या मते दोन्ही सारखंच वाईट. म्हणून राजीनामा टाकायच्या आधी दोघं कागद घेऊन बसा. दिवसातला कुठला वेळ तुझा, जेव्हा घराला आग लागल्याशिवाय तुला उठवायचं नाही. कुठला वेळ त्यांचा, त्यांनी त्यात नुसतं लोळायचं ठरवलं तरी. आणि ज्या वेळी पोर तुझं आहे, तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं, आधीच सांगतो.

कारण फोनात क्लायंट असतो. मला विचारशील तर संसार आणि काम यांत जी ओढाताण होते, तिचा दोष आपण उगाच पोरांच्या माथी मारतो. मुलं दिवसभर सतावतात हे खरं, पण रात्री साडेदहाला ‘एक छोटासा चेंज आहे’ असा मेसेज मुलं पाठवत नाहीत. तिसऱ्या दिवशी चौथ्याच माणसाला लोगो दाखवून ‘आमच्या साहेबांना निळा नको’ असंही ती म्हणत नाहीत. नोकरीत हे सगळं झेलायला मधे एक अकाउंटवाला, म्हणजे क्लायंट सांभाळणारा माणूस होता. आता तोही तूच. म्हणून पहिल्या कामापासून लिहून घे. बदलांच्या फेऱ्या दोन, तिसरीपासून वेगळा दर. बदल एकाच माणसानं, एकत्र करून, लिहून पाठवायचे. अर्धे पैसे सुरुवातीला. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल हवी असेल तर तिचा वेगळा हिशेब. संध्याकाळनंतर आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर. काही जण यावर नाक मुरडतात आणि काही जात असतील तर जाऊ देत, ते पुढं पैशालाही रडवणारे असतात. मी हे तत्त्व म्हणून सांगत नाही. तुझी संध्याकाळ विकायला काढलेली नाही, आणि विकलीच तर तिचा दर लावलेला बरा, एवढंच.

पैशाचं एक असं, की ते सरळ रेषेत येत नाहीत. सलग तीन कामांचे एकदम आणि मग शुकशुकाट. तू याचा विचार केला असशील, वहिनी हिशेबाच्या पक्क्या आहेत, तेव्हा यावर जास्त लिहीत नाही.

आता चांगलं सांगतो, नाहीतर तू म्हणशील याला होकार द्यायचाच नव्हता. माझ्या टेबलाचा एक कोपरा मी मुलीला देऊन टाकलाय. ती तिथं तिची चित्रं काढते, माझे ब्रश पळवते, टोपणं हरवते. परवा एका कादंबरीच्या मुखपृष्ठाचा रफ स्क्रीनवर होता. ती जाता जाता म्हणाली, ‘बाबा, हा माणूस पडतोय का?’ मी म्हटलं, नाही गं, चालतोय. ती म्हणाली, ‘मला पडताना दिसतोय.’ बघितलं तर आकृतीचा तोल खरंच डावीकडं गेलेला, पुढच्या पायाखाली जमीनच नव्हती. पायाखाली एक सावली टाकली आणि माणूस चालायला लागला. असलं रोज घडत नाही. रोज तिला माझं काम कंटाळवाणं वाटतं आणि ‘अजून तेच चाललंय?’ हा तिचा आवडता प्रश्न आहे. पण काम म्हणजे काय असतं, एक रेघ किती वेळा पुसावी लागते, हे तिला दिसतंय. माझे वडील ऑफिसात नेमकं काय करायचे हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

तेव्हा सोड नोकरी. फक्त नोटीस देण्याआधी मोठी रजा घेऊन, घरी बसून, एक खरंखुरं बाहेरचं काम पूर्ण कर, रजेत पोरीची शाळा चालू असेल असं बघून. सुट्टीतलं घर आणि शाळा चालू असतानाचं घर यांत फार फरक आहे. त्या दिवसांत वहिनींना काय वाटलं ते त्यांनाच विचार, तुला काय वाटलं ते मला लिही.

माझ्या कोटेशनचा नमुना वेगळा पाठवतो. त्यातलं नाव आणि दर तेवढे बदल. बदलांच्या फेऱ्यांचं कलम मात्र गाळू नकोस, पहिलाच क्लायंट तुला नेमकं तेच गाळायला सांगेल.

वहिनींना नमस्कार, लेकीला पापा.

तुझाच,
जुना बाकसोबती